शीतसाखळी संगणकाचीही

लस किती गुणकारी ठरेल हे ती कुपीत भरली त्या दिवशीच निश्चित होत नाही. कारखान्यापासून बाळाच्या मांडीपर्यंत ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून आम्ही बालरोगतज्ज्ञ फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहितो. वीज गेली तर काय करावयाचे, कोणती लस गोठता कामा नये, हे दवाखान्यातील मदतनीसांनाही पाठ असते. त्याच फ्रिजशेजारी टेबलावर संगणक असतो. त्यात हजारो मुलांची वजने, लसींच्या तारखा, ॲलर्जीच्या नोंदी असतात. त्याच्यासाठी मात्र वही नसते. तो बंद पडला की मगच दुरुस्ती करणाऱ्याची आठवण होते. माझे सांगणे एवढेच की, ही नोंद लसीइतकीच नाजूक आहे आणि तिची निगाही ठरलेल्या दिवशी, वहीत लिहून घ्यावयास हवी.

बडोद्यात आपल्यापैकी अनेकांचे दवाखाने घराच्याच तळमजल्यावर आहेत. माझ्याकडे स्वागतकक्षात एक संगणक, तपासणीच्या खोलीत दुसरा, दोहोंत मिळून एक प्रिंटर आणि एक राउटर आहे. वरच्या मजल्यावर घरच्यांचे लॅपटॉप, मोबाइल आणि टीव्ही. एवढ्याशा जाळ्यासाठी कोणी स्वतंत्र तंत्रज्ञ नेमत नाही. पण त्याचे निदान करण्याची रीत आपल्याला नव्याने शिकावी लागत नाही.

प्रथम इतिहास घ्यावा. तक्रार केव्हापासून आहे? त्याआधी काय बदलले? त्रास एकाच यंत्राला आहे की सर्वांना? सर्वांना असेल तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा बाहेरच्या जोडणीत. एकालाच असेल तर त्या यंत्रात अथवा त्याच्या तारेत. मग तपासणी, जवळून दूर अशा क्रमाने. तार नीट बसली आहे का, दिवे लागले आहेत का, हे पाहून 'पिंग' या आज्ञेने आधी राउटरला हाक द्यावी, नंतर बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला, शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. अंकी पत्ता उत्तर देतो आणि नाव देत नाही, तर इंटरनेट जिवंत आहे. नावाचे अंकांत रूपांतर करणारी डीएनएस ही सेवा आजारी आहे. संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. तीन औषधे एकदम दिली की कोणते लागू पडले ते कळत नाही.

एक उदाहरण देतो. आमचा प्रिंटर वीज जाऊन आली की अधूनमधून रुसत असे. कागद होता, शाई होती, तारही ठीक होती. राउटर दर वेळी पत्त्यांचे नव्याने वाटप करी, प्रिंटरला कधी निराळा पत्ता मिळे आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राही. राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला आणि तक्रार संपली.

दुसरे दुखणे अधिक गंभीर. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. यंत्र बंद असतानाही घड्याळ तिच्यावर चालते. ती काही वर्षांनी संपते आणि सकाळी संगणक कित्येक वर्षे मागची तारीख दाखवू लागतो. सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात, हा त्रास निदान दिसतो तरी. पण आमच्या शास्त्रात ६, १० आणि १४ आठवड्यांचा हिशेब तारखेवर चालतो. तारीख चुकली की बाळाचे वय चुकते आणि पुढच्या लसीचा दिवसही. पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी पडद्यावरची तारीख पाहणे, ही आमच्याकडे फ्रिजच्या तापमानाइतकीच नित्याची गोष्ट आहे.

आता प्रतिबंधाकडे वळू. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत त्यामुळे अंदाजे १९ हजार भेटी रद्द झाल्या. तो ज्या दोषातून शिरला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. लस उपलब्ध होती, टोचून घेतली नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे हाताने लिहून करावी लागली. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे या संदर्भात ध्यानी घ्यावे. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा आणि घरची व पाहुण्यांची उपकरणे राउटरमधील 'गेस्ट' जाळ्यावर ठेवावी. मुलांच्या खेळाचा मोबाइल आणि रुग्णांच्या नोंदी एकाच वॉर्डात नसाव्यात.

एवढे करूनही यंत्र दगावू शकते, म्हणून प्रत हवी. रीत सोपी आहे: नोंदीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतली एक वास्तूबाहेर. बडोदेकरांना 'वास्तूबाहेर' या शब्दाचा अर्थ फोडून सांगावा लागू नये. जुलै २०१९ च्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा टेबलाखालचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात गेली, असे कित्येक ठिकाणी झाले असेल. २०२४ च्या त्या पुरानंतर भिजून लगदा झालेली ममता कार्डे घेऊन पालक माझ्याकडे येत होते. लेखी नोंद नसेल तर लस दिलेलीच नाही असे धरून ती पुन्हा द्यावी, हा आमच्या शास्त्राचा सर्वसाधारण दंडक. ज्यांच्या तारखा दुसऱ्या गावी ठेवलेल्या प्रतीत सापडल्या, त्या मुलांच्या टोचण्या वाचल्या.

प्रत असणे आणि ती उघडणे यांत अंतर आहे. कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्राम मूळ नोंदींबरोबरच कुलूपबंद करतो, म्हणून प्रत घेतल्यावर ती काढून ठेवावी. महिन्यातून एकदा पाच मुलांच्या नोंदी त्या प्रतीतून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. माझ्या एका समव्यवसायी स्नेह्यांचे सॉफ्टवेअर पुरविणारी संस्थाच बंद पडली. प्रत शाबूत होती, पण ती वाचणारा प्रोग्राम नव्या संगणकावर चालेना. तेव्हापासून मी दर तिमाहीस सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेतो. तो तक्ता कोणत्याही संगणकावर उघडतो.

आमच्या वहीत चारच रकाने आहेत: रोज तारीख व वेळ, दर आठवड्यास प्रत, दर महिन्यास दुरुस्त्या, यूपीएसची चाचणी आणि प्रत उघडून पाहणे, दर तिमाहीस साधा तक्ता. प्रत्येक रकान्यापुढे करणाऱ्याची सही असते. या साऱ्यास आठवड्याला अर्धा तासही लागत नाही.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. आमचा रुग्ण बहुधा फार उशिरा मागतो. परदेशी शिक्षणासाठी निघालेला अठरा वर्षांचा तरुण आपल्या बालपणीच्या लसींच्या तारखा विचारावयास येतो. तोवर दवाखान्यातील संगणक तीन-चारदा बदललेले असतात. नोंद मात्र तीच राहिली पाहिजे आणि ते पाहणे डॉक्टरचेच काम आहे.