पुकेकोहेचे रस्ते आणि सायकलस्वाराची जागा

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या मध्यापासून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर पुकेकोहे हे गाव वसले आहे. ‘कोहेकोहे’ या झाडावरून टेकडीस आणि टेकडीवरून गावास हे नाव मिळाले. ज्वालामुखीपासून बनलेल्या तेथील तांबूस मातीत कांदा व बटाटा उत्तम पिकतो आणि त्या मळ्यांत राबणाऱ्यांमध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून हिंदी माणसेही आहेत. आज आम्ही हे गाव वाचकांपुढे आणीत आहोत ते मात्र शेतीसाठी नव्हे, तर रस्त्यांसाठी. मोटारींच्या रस्त्यालगत सायकलस्वारांकरिता कठड्याने वेगळी काढलेली वाट असावी की नसावी, हा वाद जगातील अनेक शहरांत चालू आहे. पुकेकोहेसारख्या वाढत्या गावात तो कोणत्या वेळी आणि कसा सोडवावा, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

२०१० साली फ्रँकलिन जिल्ह्याचा मोठा भाग ऑकलंडच्या एकत्रित महापालिकेत सामील झाला आणि त्याबरोबर पुकेकोहेही. ऑकलंडच्या विकास आराखड्यात या गावास उपनगरी नगराचे स्थान दिलेले आहे. ३ फेब्रुवारी २०२५ पासून विजेच्या आगगाड्या थेट पुकेकोहेपर्यंत धावू लागल्या. मळ्यांच्या कडेने घरांच्या ओळी उभ्या राहत आहेत. ही वाढ ध्यानी घेऊन २०२३ साली ऑकलंडच्या वाहतूक खात्याने व सरकारी वाहतूक संस्थेने पुकेकोहे आणि शेजारच्या पेराटाभोवतीच्या मोठ्या रस्त्यांसाठी जमीन राखून ठेवण्याच्या सूचना दाखल केल्या. यांतील काही रस्ते नवे आहेत, काही जुनेच रुंद करावयाचे आहेत. त्यांच्या आखणीत पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी स्वतंत्र वाटा धरलेल्या आहेत.

अशी राखणी म्हणजे बांधकाम नव्हे. रस्ता प्रत्यक्षात होण्यास दहा-वीस वर्षेही लागू शकतात. तेथील तेव्हाच्या कायद्याने राखणीची मुदत सामान्यतः पाच वर्षांची असे. येथे त्याहून पुष्कळ अधिक मुदत मागण्यात आली. ज्याच्या मळ्यातून किंवा अंगणातून ती रेघ जाते, त्याची पंचाईत उघड आहे. त्यास घर वाढविता येत नाही, जमीन योग्य भावात विकता येत नाही, आणि सरकार ती केव्हा विकत घेईल हेही कळत नाही. त्यात ही माती साधीसुधी नाही. एकदा डांबराखाली गेली की ती पुन्हा पिकावयाची नाही. शिवाय जमिनीवरून कटुता होणे या गावाला नवीन नाही. १९२५ साली येथेच ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ स्थापन झाली आणि हिंदी व चिनी मळेवाल्यांच्या हाती जमीन जाऊ नये अशी तिची चळवळ होती. तेव्हा शेतकऱ्याची तक्रार म्हणजे प्रगतीला विरोध, असे म्हणून ती झटकून टाकणे आम्हांस मान्य नाही.

वेगळ्या वाटेवर इतरही आक्षेप घेतले जातात. दुकानदारास दारापुढील मोटार उभी करण्याची जागा जाईल अशी धास्ती असते. शेतीच्या गावात ट्रॅक्टर आणि मालाने भरलेले ट्रक रुंद असतात. त्यांस वळावयास जागा लागते. टेकडीचा चढ आणि वारंवार येणारा पाऊस यांत सायकल चालविणार कोण, हाही प्रश्न विचारला जातो. यांतील चढाची अडचण विजेच्या सायकलींनी बरीच कमी केली आहे. दुकानदाराचे व ट्रकचालकाचे म्हणणे मात्र जेथे रस्ता आधीच अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंस दुकाने उभी आहेत, तेथे खरोखर सोडविण्यास कठीण आहे. म्हणूनच जेथे अद्याप काहीच उभे नाही, तेथे आधी जागा ठेवणे शहाणपणाचे ठरते.

याचा धडा ऑकलंडवासीयांच्या डोळ्यांसमोरच आहे. तेथील बंदरावरचा पूल ३० मे १९५९ रोजी खुला झाला. खर्च वाचविण्यासाठी त्यावर पदपथही ठेवला नाही. दहाच वर्षांत, १९६९ साली, चार मार्गिकांच्या आठ कराव्या लागल्या, तरी चालणाऱ्यास व सायकलस्वारास त्यावर जागा मिळाली नाही. २०२१ च्या जूनमध्ये त्यांच्यासाठी सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर कोटी डॉलर खर्चून स्वतंत्र पूल बांधण्याचे सरकारने जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये खर्चावरील टीकेपुढे तो बेत सोडून दिला. आरंभी जे थोडक्यात झाले असते, ते साठ वर्षांनी परवडेनासे झाले.

दुसरा धडा आपल्या मुंबईचा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली सुमारे १३ किलोमीटरची सायकलवाट केली गेली. परंतु तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि संकुलाबाहेर, म्हणजे लोक जेथून येतात त्या स्थानकांपर्यंत व वस्त्यांपर्यंत, ती नीट जोडलेली नव्हती. मग वाट ओस पडली. वाट ओस आहे म्हणून ती नको, असे म्हणणे पुढे सोपे झाले, आणि २०२५ साली ती काढून मोटारींना जागा देण्याचे ठरले. आमच्या मते हा सायकलीचा पराभव नव्हे. अर्धवट कामाचा आहे. नुसती रंगाची रेघ ओढल्याने मोटार थांबत नाही, आणि मध्येच तुटणाऱ्या वाटेवर कोणी आपले मूल पाठवीत नाही.

मुलांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. न्यूझीलंड सरकारच्या प्रवास-पाहणीनुसार १९८९-९० च्या सुमारास प्राथमिक वयाच्या मुलांपैकी शेकडा १२ च्या आसपास मुले शाळेत सायकलीने जात. २०१०-१४ पर्यंत हे प्रमाण शेकडा २ च्या घरात आले. मुलांची सायकलीची आवड सरली, असे यावरून समजू नये. इस्राएलमधील आमच्या वाचकांना तर याचा पुरावा दर वर्षी दिसतो. योम किप्पुरच्या दिवशी मोटारी बंद असतात, तेव्हा शहरोशहरी राजरस्त्यांवर सायकली घेऊन मुलांचे थवे उतरतात. त्यांस कोणी बोलाविलेले नसते. रस्ता निर्धोक झालेला असतो एवढेच. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या मुलांना वाव हवा असेल, तर कठड्याआडची वाट हाच व्यवहार्य उपाय दिसतो.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे आहे. पुकेकोहेच्या भावी रस्त्यांत स्वतंत्र वाटेची जागा आताच राखावी. ज्यांची जमीन अडकते, त्यांस वर्षानुवर्षे ताटकळत न ठेवता वेळेवर योग्य मोल मिळावे. जेथे चांगली माती आहे, तेथे रस्ता गरजेपेक्षा तसूभरही रुंद करू नये. आणि पहिली वाट शाळा व रेल्वे स्टेशन यांना सलग जोडणारी असावी, मग ती लांबीने कमी असली तरी चालेल.

ऑकलंड परिसरात आता मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. रस्त्यांच्या सूचनांवर नागरिकांस लेखी म्हणणे मांडण्याचा व सुनावणीत बोलण्याचा हक्क तेथील कायदा देतो. यापुढे अशी प्रत्येक सूचना निघेल तेव्हा मळेवाला आपले म्हणणे मांडील, दुकानदारही मांडील. शाळेत जाणाऱ्या मुलांना मात्र ते मांडता येत नाही. त्यांच्या वतीने आईबापांनीच कागदावर दोन ओळी लिहाव्यात, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.