न विचारलेला प्रश्न

शाळेंत मीं तीस वर्षें आरोग्यशास्त्र शिकविलें. दारू व तंबाखू यांचे दुष्परिणाम फळ्यावर लिहून दिले कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. व्यसन जडतें तें अज्ञानानें किंवा कुसंगतीनें, हें तर ठरलेलेंच! आज ज्या विषयासंबंधीं मी बोलणार आहें, त्यानें ही समजूत पार मोडून टाकली.

अमेरिकेंत १९८९ सालीं एक लाखाहून अधिक परिचारिकांच्या प्रकृतीचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. १९९५ सालीं त्यांना, आपला ओढा पुरुषांकडे आहे, स्त्रियांकडे आहे, कीं दोहोंकडे, असाही एक प्रश्न विचारण्यांत आला. उत्तरें ताडून पाहतां असें आढळलें कीं, स्त्रियांकडे किंवा दोहोंकडे ओढा असणाऱ्या परिचारिकांमध्यें धूम्रपानाचें व अतिमद्यपानाचें प्रमाण इतरांहून अधिक आहे. आतां पाहा, या सर्वजणींचा धंदा एकच. तंबाखूचे परिणाम रोग्याच्या खाटेपाशीं साऱ्यांनींच पाहिलेले. मग हा फरक कोठून आला? अज्ञानांतून खास नव्हे.

स्वभावांतच विकृति आहे म्हणावें, तर तेंही टिकत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलिंगी प्रेम रोगांच्या यादींतून वगळलें. खरें कारण व्हर्जिनिया ब्रूक्स या विदुषीनें १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें, व इलान मायर यांनीं २००३ सालीं तें अधिक विस्तारानें विशद केलें. त्यास अल्पसंख्याकत्वाचा ताण असें म्हणतां येईल. या ताणाचा एक भाग बाहेरचा : उपहास, मारहाण, घरांतून हकालपट्टी. दुसरा आंतला, तो म्हणजे लपविण्याचा. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारीला रस्ता इतरांचाच असतो. पण तिला मान क्षणभरही सैल सोडतां येत नाहीं. अशी वर्षानुवर्षें ताठलेली मान पेल्यानें वा गोळीनें घटकाभर सैल होते, आणि तेथेंच व्यसनाचें मूळ रुजतें.

त्यांत समाजानें यांना भेटावयास जागा तरी कोणती ठेवली? बहुधा मद्यगृहाचीच. सन फ्रान्सिस्को शहरांत १९५५ सालीं कांहीं स्त्रियांनीं ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही संस्था काढली, ती मुख्यतः मद्यगृहांवरील पोलिसांच्या धाडी टळाव्या व मैत्रिणींना एकमेकींच्या घरीं निर्भयपणें बसतां यावें म्हणूनच.

हीच गुप्तता शरीरासही भोंवते. नशेंत सावधगिरी सुटते, हें एक. दुसरें असें कीं, स्त्रियांमधील संबंधांत रोगाचें भय नाहीं, असा भ्रम त्या स्त्रियांना व कित्येक डॉक्टरांनाही असतो. वस्तुतः गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगास कारण होणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू त्वचेच्या स्पर्शानेंही पसरतो; तो स्त्रीकडून स्त्रीकडे जाऊं शकतो. शिवाय यांपैकीं अनेकींचे पूर्वीं पुरुषांशींही संबंध आलेले असतात. असें असून या स्त्रियांची पॅप तपासणी इतरांहून कमी होते.

आपल्याकडे काय चालतें? माझ्या पुतणीच्या परवानगीनें सांगतों. तिला घेऊन मी एका दवाखान्यांत गेलों होतों. “लग्न झालें आहे का?” असा प्रश्न आला. तिच्याआधीं मींच उत्तर दिलें, “नाहीं.” कागदावर तसें लिहिलें गेलें, व तपासणीचा विषय तेथेंच मिटला. पुढें कित्येक महिन्यांनीं तिनें मला आपल्या मैत्रिणीविषयीं सांगितलें, आणि रात्रीं झोप यावी म्हणून आपण काय घेत होतों, तेंही सांगितलें. वर म्हणाली, “काका, तुम्ही त्या दिवशीं बाहेर थांबला असतां, तर मी डॉक्टरीणबाईंशीं बोललें असतें.” हें वाक्य मला अजून बोचतें.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं असे संमतीचे संबंध गुन्ह्यांतून मुक्त केले. कायद्याचा दरवाजा उघडला; घराचा उघडणें आपल्या हातीं आहे. २००९ सालीं कॅलिफोर्नियांतील एका अभ्यासांत असें दिसलें कीं, ज्या समलिंगी तरुण-तरुणींना कुटुंबानें अत्यंत झिडकारलें, त्यांच्यांत अंमली पदार्थांचा वापर आणि असुरक्षित शरीरसंबंध, दोन्हींची शक्यता न झिडकारलेल्यांहून तिपटीपेक्षां अधिक होती. व्यसन व रोग यांचें मूळ एकच, हें याहून स्पष्ट कोण सांगणार?

म्हणून डॉक्टरांनीं लग्नाचा प्रश्न बाजूस ठेवून, एकांतांत, संबंध कोणाशीं आहेत हें सरळ विचारावें. आणि आपण वडीलधाऱ्यांनीं त्या वेळीं खोलीबाहेर थांबावें. पण घरीं परतल्यावर मुलीला जें सांगावेंसें वाटेल, तें ऐकावयास मात्र जवळ असावें.