सरकलेला थर आणि आकड्यांचा अर्थ

उपग्रहाच्या चित्रावर आपण नदीचा थर टाकतो आणि निळी रेघ पात्रातून न जाता शेजारच्या उसातून जाते. बहुतेक जण लगेच रेघ उचलून जागेवर बसवायला धावतात. मंडळी, थोडं थांबा. काम पूररेषेचं असेल, तर शंभर मीटरच्या फरकाने कुणाचं घर पुरात दिसतं, कुणाचं बाहेर राहतं. म्हणून आधी कारण शोधायचं, मगच हात लावायचा.

पहिला प्रश्न, थर कसा सरकलाय? सगळीकडे एकाच दिशेला आणि शंभर मीटरहून थोडा जास्त सरकला असेल, तर महाराष्ट्रात संशय घ्यावा तो डेटमचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ वर. अक्षांश-रेखांश तेच लिहिले, तरी मोजणीचा पाया वेगळा. पुणं नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसलं, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली असते. सपाटीवर जुळतंय आणि डोंगरावर सुटतंय, तर उंचीचं मॉडेल वापरून चित्रच दुरुस्त करावं लागतं.

आता क्यूजीआयएसमधल्या दोन क्रिया बघा. थराची सीआरएस ठरवणं ही एक, थर रिप्रोजेक्ट करणं ही दुसरी. पोत्यावर '२०' लिहिलंय. ते किलो की पायली, हे सांगणं वेगळं. आणि पायल्यांचे किलो करणं वेगळं. पहिल्या क्रियेत आकडे तेच राहतात, फक्त त्यांचा अर्थ कळतो. दुसरीत आकडेच बदलतात.

पुण्याचा थर यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यातला, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. नागपूर ४४ व्या पट्ट्यात येतं. पुण्याच्या थराला चुकून ३२६४४ म्हटलं, तर पुणं सहा रेखांश पूर्वेला, तेलंगणात जाऊन बसतं. अशा वेळी रिप्रोजेक्ट केलंत, तर ती चूक नव्या आकड्यांत मुरते. इथे फक्त अर्थ दुरुस्त करायचा.

हे सगळं तपासूनही जुळत नसेल, किंवा नकाशा नुसता स्कॅन केलेला असेल, तरच नियंत्रण बिंदू घ्या. रस्त्यांचे चौक, पुलांची टोकं, चित्रभर विखुरलेली. साध्या रूपांतराला तीन बिंदू पुरतात, पण तीनच घेतले तर चूक शून्य दिसते. ते गणितामुळे, नकाशा बरोबर असल्यामुळे नव्हे. म्हणून जास्त बिंदू घ्या आणि दोन-चार बाजूला ठेवा. जे जुळवण्यात वापरलं नाही, तेही जुळलं, तरच थर जागेवर आला असं म्हणायचं.