नेत्रशिबिराचे दप्तर

कलघटगीहून एका वाचकबंधूंनी विचारले आहे की, गावी नेत्रतपासणीसाठी आलेल्या पथकातील मुलीने त्यांच्या वृद्ध मातोश्रींच्या डोळ्यांत थेंब टाकून, लहानशा संगणकाला जोडलेली पेनसारखी एक कांडी बुबुळावर क्षणभर टेकवली आणि कार्डावर ‘२१’ हा आकडा लिहून दिला, तेव्हा बॅटरी लावून पाहणाऱ्या डॉक्टरांना न दिसणारे असे त्या कांडीला काय दिसले. आणि यंत्र इतके शहाणे असेल तर डॉ. मोदींच्या काळाप्रमाणे शाळेच्या पडवीतच शस्त्रक्रिया न उरकता रुग्णांना तीसेक किलोमीटरवरील हुबळीला नेण्याचा खटाटोप कशासाठी?

डॉ. मोदी कोण, हे धारवाड-विजापूर भागात सांगावे लागत नाही. १९१६ साली बिळगी येथे जन्मलेल्या मुरिगेप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी खेडोपाडी शिबिरे भरवून मोतीबिंदू काढण्याचे जे व्रत १९४३ पासून चालविले, त्याची मोजदाद गिनेसच्या ग्रंथात फेब्रुवारी १९९३ अखेर ६,१०,५६४ शस्त्रक्रिया अशी दिली असून, एका दिवसात ८३३ हा त्यांचा उच्चांकही तेथेच नमूद आहे. हाताच्या वेगाचा प्रश्न या मुलुखाने संगणकापूर्वीच निकालात काढला होता. उणीव होती ती वेगळीच. त्या काळी शिबिरात नैसर्गिक भिंग काढले की त्याच्या जागी काही बसवीत नसत. रुग्णाच्या नाकावर दहा डायॉप्टरच्या आसपासचा जाड चष्मा चढे, त्यातून जग सुमारे पावपट मोठे दिसे, पायरीचा अंदाज चुके, आणि चष्मा फुटला किंवा हरवला की म्हातारी पुन्हा चाचपडू लागे.

काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविले ते लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी, आणि त्या कल्पनेचा उगम महायुद्धात आहे. लढाऊ विमानाच्या छताचे परस्पेक्स नावाचे पारदर्शक प्लास्टिक फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत त्याच्या कपच्या रुतत. परंतु इतर परक्या वस्तूंनी डोळा जसा खवळतो तसा तो या कपच्यांनी खवळत नाही, हे रिडलींच्या नजरेत भरले. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने, काढले त्याच्या जागी आपण दुसरे भिंग का बसवीत नाही, असा भाबडा प्रश्न केला (असले प्रश्न विद्यार्थ्यांनीच करावेत!), आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग एका स्त्रीच्या डोळ्यात बसले. भिंग डोळ्याला मानवले. मात्र त्या बाईंना चष्म्याचा नंबर आला वजा अठरा! शल्यविशारदाचा हात चुकला नव्हता, हिशेब चुकला होता.

कार्डावरचा ‘२१’ हा त्याच हिशेबाचा, म्हणजे बसवायच्या भिंगाच्या शक्तीचा, आकडा आहे. विहिरीच्या काठावरून हाक मारावी आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून पाणी किती खोल हे ताडावे, तशी ती कांडी कानाला ऐकू न येणारा ध्वनी डोळ्यात सोडते. पारपटल, भिंगाच्या पुढच्या व मागच्या बाजू आणि दृष्टिपटल यांवरून परतलेले प्रतिध्वनी पडद्यावर उंच टोकांच्या रूपाने उमटतात, आणि त्यांच्यातील अंतरांवरून डोळ्याची लांबी निघते. प्रकाशाने मोजणारी यंत्रे याहून सूक्ष्म खरी, पण पुरता पिकून पांढरा झालेला मोतीबिंदू त्यांची वाट अडवितो. ध्वनी मात्र त्यातून पार होतो. कसब सारे त्या मुलीच्या मनगटात आहे, कारण कांडी किंचित जोराने टेकली तर पारपटल आत दबते आणि डोळा आहे त्याहून आखूड भरतो.

पुढची वजाबाकी शाळकरी आहे. सँडर्स, रेट्झलाफ आणि क्रॅफ या तिघांनी १९८० च्या सुमारास सांगितलेल्या सूत्राप्रमाणे भिंगाच्या जातीचा स्थिरांक घ्यावा, त्यातून डोळ्याच्या मिलिमीटरमधील लांबीची अडीचपट आणि पारपटलाच्या शक्तीची नऊदशांशपट वजा करावी. स्थिरांक ११८.४, लांबी २३.५ आणि पारपटल ४४ डायॉप्टरचे असेल, तर ५८.७५ आणि ३९.६ जाऊन वीस उरतात. लांबीत एक मिलिमीटर चुकला की भिंगात अडीच डायॉप्टर चुकलेच. रशियाच्या फ्योदोरोव्ह यांनी १९६७ मध्ये प्रकाशशास्त्राच्या नियमांवरून असे सूत्र मांडले होते. या तिघांचे सूत्र मात्र दप्तरातून निघाले. कोणाला कोणते भिंग बसविले आणि नंतर त्याला कोणता नंबर आला, याच्या नोंदी जुळवून त्यांनी ते बसविले. फार आखूड वा फार लांब डोळ्यांना ते लागू पडत नाही, म्हणून नवी, अधिक किचकट सूत्रे आली, आणि तीच हल्ली त्या छोट्या संगणकात असतात; पण माझा जीव जडला आहे तो या जमाखर्ची सूत्रावर.

म्हणूनच शिबिरातल्या संगणकाचे जे गोडवे गायले जातात ते मला चुकीच्या ठिकाणी गायलेले वाटतात. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या मारेस्को या शल्यविशारदांनी स्ट्रासबर्गमधील स्त्रीचे पित्ताशय यंत्रमानवाकरवी काढले, तेव्हा आता खेड्यातला रुग्ण आणि शहरातला सर्जन यांतील अंतरच मिटले, अशा बातम्या झळकल्या. कलघटगीच्या वाट्याला अद्याप कांडीच आली आहे, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. स्वयंसेवक शल्यविशारद येतात आणि काम आटोपून जातात, मग ते शाळेत येवोत की १९९१ पासून रुळांवर शस्त्रक्रियागृह घेऊन हिंडणाऱ्या जीवनरेखा एक्स्प्रेसमध्ये. मागे राहतो तो रुग्ण, आणि त्याला पुढे किती दिसले याची रुजुवात कोणी घालायची? जागतिक आरोग्य संघटनेचा १९९८ चा दंडक असा होता की, शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांपैकी निदान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसावे. गिनेसच्या त्या नोंदीत असा रकाना नाही. तो रकाना भरणे, महिन्याने न आलेल्यांची यादी गावनिहाय काढून आशाताईंच्या हाती देणे, हे दप्तरी काम स्वस्तातला संगणकही बिनबोभाट करतो, फक्त त्याला आकडे मिळाले पाहिजेत.

हुबळीचा खटाटोप मात्र संगणकासाठी नाही. डोळ्यात भिंग बसवायचे तर सूक्ष्मदर्शक आणि निर्जंतुक खोली हवी, व पडवीतून जंतू आत शिरला तर डोळाच जातो. तेव्हा तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, हीच आता मान्य रीत आहे. वाचकबंधूंना विनंती एवढीच की, बसविलेल्या भिंगाची चिकटपट्टी ज्यावर लावलेली असते ते कार्ड जपून ठेवावे, आणि मातोश्रींना ‘आता छान दिसतंय’ म्हणून घरी न ठेवता फेरतपासणीच्या तारखेला हजर करावे.