बीडची रेल्वे

महाराष्ट्राच्या नकाशात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीड आणि परळी ही गावे शोधा. बीड जिल्ह्यातील परळीला पूर्वीपासून रेल्वे होती. पण जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीडला नव्हती. आगगाडी पकडायची, तर आधी एस.टी.ने दुसऱ्या गावी जावे लागे.

१९९५-९६ साली या तीन गावांना जोडणाऱ्या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली. तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे साडेतीनशे कोटी रुपये होता. पण मंजुरी मिळताच रूळ पडत नाहीत. आधी शेतकऱ्यांची जमीन घ्यावी लागते. मग भराव, पूल, खडी, स्लीपर आणि शेवटी रूळ. जमीन आणि पैसा वेळेवर मिळाला नाही, की पुढची सारी कामे अडतात. तोवर सिमेंट, लोखंड आणि मजुरी महागते. म्हणून हा खर्च पुढे साडेचार हजार कोटींच्याही वर गेला.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत धावली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली. परळीपर्यंतचा मार्ग तेव्हाही अपुराच होता. मंजुरीच्या वेळी शाळेत असलेली मुले एव्हाना आईबाप झाली होती. वाढलेला खर्च आकड्यांत सांगता येतो; पण शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांची ही तीस वर्षे कोणत्या हिशेबात धरायची?