खताच्या पोत्यावरचा शुक्रतारा



पोरांच्या तोंडी कधी 'फॉस्फरेसन्स' हा शब्द येतो. अंधारात दिसणारा मंद, गार उजेड, असा त्याचा साधा अर्थ. शब्द जडच आहे, पण त्याचं मूळ आपल्या घरात पडलेलं आहे. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं ना? १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. हे स्फुरद म्हणजेच फॉस्फरस.

फॉस्फरस हा ग्रीक शब्द. 'फॉस' म्हणजे उजेड आणि 'फोरोस' म्हणजे घेऊन येणारा. ग्रीक लोक पहाटेच्या शुक्राला या नावाने ओळखत, कारण त्याच्या मागोमाग दिवस उजाडतो. आपल्या 'स्फुरद'मध्येही स्फुरण आहेच, म्हणजे थरथरणं, चमकणं.

हे नाव पदार्थाला मिळालं ते लघवीमुळे. हसू नका! १६६९ मध्ये जर्मनीतल्या हँबर्ग शहरात हेनिग ब्रँड सोनं करायच्या नादाला लागला होता. त्यासाठी त्याने ढीगभर लघवी आटवली. सोनं मिळालं नाही, पण मेणासारखा पांढरा पदार्थ हाती आला आणि तो अंधारात चमकू लागला. हवेशी संयोग होऊन तो हळूहळू जळत असतो, त्याचाच तो उजेड. काजव्याचा उजेड वेगळा, त्यात फॉस्फरस चमकत नाही.

या सुंदर नावाच्या पदार्थाने बायकांचे फार हाल केले, ते सांगायलाच हवं. पुढे पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्या निघाल्या. लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यात बाया-पोरी या काड्या करत आणि जिथे काम तिथेच भाकरतुकडा खात. विषारी वाफ श्वासात जाई, हात लागून अन्नातही जाई. आधी दात दुखत, मग जबड्याचं हाड कुजे. कपडे अंधारात चमकत. वर बोललं म्हणून दंड, पाय मळके म्हणून दंड.

जून १८८८ मध्ये अॅनी बेझंट यांनी हे सगळं छापलं. त्याच बेझंटबाई, ज्या पुढे भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 'हे खोटं आहे' असं मालकांनी बायांकडून लिहून मागितलं. बायांनी सही केली नाही. एकीला कामावरून काढल्यावर जुलैत सुमारे १४०० जणी बाहेर पडल्या. दोनेक आठवड्यांतच मालक नमले. दंड बंद झाले, जेवायला वेगळी खोली कबूल झाली, आणि बायांनी आपली संघटना उभी केली.

पांढरा फॉस्फरस मात्र लगेच गेला नाही. त्याच्या काड्यांवर बंदी घालणारा कायदा ब्रिटनमध्ये व्हायला १९०८ साल उजाडलं.

आज आपण काडी ओढतो ती पेटीच्या कडेच्या पट्टीवर. त्या पट्टीत तांबडा फॉस्फरस असतो. तो अंधारात चमकत नाही.