पहाऱ्याच्या फळ्यावर आणखी एक नाव

कर्जत तालुक्यातलं टाटांचं भिवपुरी वीजकेंद्र १९२२ साली सुरू झालं. शेजारच्या खालापुरातलं खोपोलीचं तर १९१५ सालीच. ती वीज मुंबईला जायची. कर्जतमधल्याच कशेळ्याच्या बाजूच्या गावांत मात्र सप्ताहातली रात्रीची कीर्तनं त्यानंतरही कित्येक वर्षं गॅसबत्तीच्या उजेडात होत राहिली.

एकदा पेटलेलं मेंटल म्हणजे नुसती राख, बत्तीला हिसका बसला की झडलंच. नवं बांधा, स्पिरिटवर तापवा, पंप मारा, तोवर मंडप अंधारात. म्हणून जाणता माणूस सुटं मेंटल आणि पिन जवळ बाळगायचाच, पण वर दुसरी बत्ती पेटवूनच कडेला ठेवायचा.

सप्ताहाची स्वतःची व्यवस्था याहून जुनी. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. कोणाचा पहारा कधी, हे नावानिशी फळ्यावर लागतं आणि पुढचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय आधीचा गळ्यातली वीणा उतरवत नाही. पखवाजाचंही तसंच. वळवाच्या पावसानं हवा दमट झाली की चामडं सैल पडतं, म्हणून दुसरा पखवाज गायकाच्या पट्टीत लावून मागे तयार असतो.

पुढे कर्णे आले. तेव्हाचे अॅम्प्लिफायर विजेवर चालत तसे बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालत. दिवे गेले तरी बुवांचा आवाज वेशीपर्यंत पोचायचा. मग मोठे स्पीकर, फोकस, रोषणाई आली आणि एका बॅटरीवर भागेनासं झालं. २००५ नंतरच्या भारनियमनानं तर जनरेटर मंडपाचाच भाग झाला. भारनियमनाला निदान वेळापत्रक असायचं, कीर्तन त्याप्रमाणे पुढंमागं करता यायचं. वैशाखातल्या वादळात फांदी तारेवर पडते तिला कसलं वेळापत्रक?

वीज गेल्यावर जनरेटर जोडण्याच्या घाईत घडणारी एक चूक जिवावर बेतते. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटरची वायर सरळ घरच्या बोर्डात खुपसली, तर करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावर चढलेल्या वायरमनला गाठतो. त्याला वाटत असतं लाईन बंद आहे. जनरेटर ठरवताना भाड्याची घासाघीस करा, पण चेंजओव्हर आहे का हे आधी पाहा. लाईट परत आली तरी लगेच तिच्यावर जाऊ नका. सुरुवातीला व्होल्टेज वरखाली होतं आणि मशीन जळतं.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद झाला. पूर्वी वीज गेली तर कीर्तन तासभर लांबायचं. आता जनरेटर चालू व्हायला वीस मिनिटं लागली, तर ती बुवांच्या निरूपणातून जातात.

हल्ली कॉर्डलेस माइक आहेत, पण त्यांचे सेल कीर्तनाआधी बदलायचे आणि एक वायरचा माइक जोडून ठेवायचा, ही शिस्त बऱ्याच ठिकाणी दिसते. अडतं ते माणसापाशी. वीज जाते तेव्हा जनरेटरवाला जेवायला गेलेला असतो, डिझेलचा कॅन कोणाच्या तरी ओटीवर असतो आणि किल्ली कोणाकडे, हे विचारत पोरं धावतात. वीणेच्या पहाऱ्याला नाव लागतं, मग याला का नाही? त्याच फळ्यावर, काल्याच्या दिवसापर्यंत रोज लिहावं: संध्याकाळी सात ते दहा, जनरेटर, अमुक, तो जेवायला जाईल तेव्हा तमुक.